टेलिफोन सर्व्हरच्या कोणत्या नोंदी सिसलॉगला (मशीनवरच्या नोंदी गोळा करणाऱ्या व्यवस्थेला) पाठवाव्यात?

"आधी सगळं चालू करा, नंतर गाळता येईल" हा सल्ला सर्रास दिला जातो. ऐकू नका. ॲस्टरिस्क या टेलिफोन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचे डीबग आणि व्हर्बोज, म्हणजे बारीकसारीक तपशिलांच्या नोंदी, सिसलॉगला जोडले की एकेका कॉलमागे ओळींचा ढीग पडतो आणि हवी ती ओळ त्यात सापडत नाही.

ॲस्टरिस्कची लॉगर डॉट कॉन्फ फाइल उघडा. लॉगफाइल्स विभागातल्या सिसलॉगच्या ओळीत फॅसिलिटी, म्हणजे नोंद कुठून आली ते सांगणारी खूण, लोकल-शून्य ठेवा.

आता पातळ्या. घोळ होतो तो इथेच. सिसलॉगच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत; आकडा लहान तशी बाब गंभीर. एरर ३, वॉर्निंग ४, नोटीस ५. आरसिसलॉगच्या (सिसलॉगच्या नोंदी घेऊन लिहिणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या) नियमात 'वॉर्निंग' लिहिलं की वॉर्निंग आणि त्याहून गंभीर सगळं येतं. ॲस्टरिस्कच्या फाइलमध्ये मात्र जेवढी नावं लिहाल तेवढंच जातं! मी पूर्वी नुसतं 'वॉर्निंग' लिहून निर्धास्त झालो होतो. एरर येत नव्हते आणि मी समजत होतो, सिस्टीम उत्तम चालली आहे. म्हणून तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन लिहा: नोटीस, वॉर्निंग, एरर.

नोटीस किरकोळ वाटते म्हणून गाळणारे पुष्कळ आहेत. कृपा करून गाळू नका. कुणी चुकीच्या पासवर्डने फोन रजिस्टर करायला बघत असेल, तर ती ओळ नोटीस म्हणूनच येते. पासवर्ड शोधत बसलेला माणूस तुम्हाला तिथेच दिसतो.

फाइल जतन करा, ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर 'लॉगर रीलोड' द्या.

नोंदी दुसऱ्या मशीनवर न्यायच्या असतील तर आरसिसलॉगच्या नियमातही लोकल-शून्यची पातळी नोटीसच हवी. तिथे वॉर्निंग राहिलं, तर इथून निघालेली नोटीस वाटेतच गळते. त्या मशीनच्या पत्त्याआधी एक ॲट चिन्ह म्हणजे यूडीपी (पोच न घेता पाठवणं), दोन म्हणजे टीसीपी (पोच घेऊन पाठवणं). मी दोनच देतो. यूडीपीत हरवलेल्या ओळीचा पत्ताही लागत नाही.

मग एका फोनवर मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. जाणारं पॅकेट पकडून पाहिलंत तर सुरुवातीला टोकदार कंसात १३३ दिसेल: लोकल-शून्यचा क्रमांक १६, त्याची आठपट १२८, अधिक नोटीसचे ५. पलीकडच्या मशीनवर ती ओळ उमटली नाही, तर आधी आरसिसलॉगचा नियम तपासा.