लिनक्सवर एम्युलेटर टाकायचाय? ब्राउझर नंतर, रिपॉझिटरी आधी

विंडोजवरून लिनक्सवर आलेला माणूस एक चूक हमखास करतो, ब्राउझर उघडून एम्युलेटरचं, म्हणजे जुन्या कन्सोलची किंवा मशीनची नक्कल करून त्यावरचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव सर्च करायचं आणि जी साईट वर दिसेल तिथून फाईल उतरवून घ्यायची. मी पण केलंय हे. कुठूनतरी एक डेब फाईल (उबंटू-डेबियनची इन्स्टॉलर फाईल) आणली, ती भलत्याच व्हर्जनसाठी बनवलेली, डबल क्लिक करून टाकली, आणि त्यानंतर काहीही इन्स्टॉल करायला गेलं की डिपेंडन्सी (प्रोग्रामला लागणारी बाकीची पॅकेजेस) तुटल्यात म्हणून एपीटी, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारा-काढणारा प्रोग्राम, अडून बसायला लागला. फिक्स ब्रोकनचा ऑप्शन देऊन शेवटी निस्तरलं, पण कळलं काय तर तोच एम्युलेटर रिपॉझिटरीत आधीपासून पडून होता.

रिपॉझिटरी म्हणजे तुमच्या डिस्ट्रोवाल्यांनी (उबंटू, मिंट असे लिनक्सचे प्रकार बनवणाऱ्यांनी) सांभाळलेलं सॉफ्टवेअरचं कोठार. तिथलं पॅकेज तुमच्याच व्हर्जनसाठी बांधलेलं असतं, यादीवर डिजिटल सही असते ती एपीटी स्वतः तपासतो, आणि अपडेटही बाकी सिस्टिमबरोबर आपोआप येतात.

एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय पण टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या विंडोत) त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांतच टाकायच्या. डॅश म्हटलं की तिथे खरंच डॅश. मी उबंटू, मिंट, डेबियन धरून बोलतोय, फेडोरात एपीटीच्या जागी डीएनएफ आणि आर्चमध्ये पॅकमन, पॅकेजची नावं थोडी इकडेतिकडे होतात म्हणून आधी सर्च करून बघायचं.

पहिलं काम, युनिव्हर्स चालू आहे का बघा. उबंटूचे बरेचसे एम्युलेटर युनिव्हर्स नावाच्या विभागात आहेत आणि लायसन्सची भानगड असलेली काही पॅकेजेस मल्टिव्हर्समध्ये. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा, पहिल्याच टॅबवर टिकमार्क आहेत, दोन्ही लावा. डेबियनवाल्यांनी सोर्सेसच्या यादीत कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री आहे का बघायचं. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालव). हे विसरलात तर पॅकेज सापडत नाही म्हणून उगाच डोकं धराल.

आता शोधायचं. ‘एपीटी सर्च एम्युलेटर’ टाकाल तर भलीमोठी यादी येईल आणि त्यात टर्मिनलच भरलेले असतील, कारण लिनक्समध्ये टर्मिनललाही टर्मिनल एम्युलेटरच म्हणतात 😄 त्यापेक्षा कन्सोलच्या नावाने शोधा. गेमबॉय आणि गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी एमजीबीए, पॅकेजचं नाव एमजीबीए डॅश क्यूटी, माझ्या मते सुरुवात यानेच करावी, हलका आहे आणि बायोस फाईल (कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) नसली तरी चालतो. जुन्या डॉस गेम्ससाठी डॉसबॉक्स. आर्केडसाठी मेम, पण त्याचे रॉम (गेमच्या फाईली) त्याच्या व्हर्जनशी जुळावे लागतात त्यामुळे नवख्याने लगेच त्यात पडू नये. मेडनाफेन एकटाच बरेच कन्सोल चालवतो, फक्त त्याला स्वतःची मेनूवाली विंडो नाही, म्हणून सोबत मेडनाफ टाकून घ्यायचं.

गेमक्यूब आणि वी साठी डॉल्फिन, आणि इथे हमखास फसगत होते. नुसतं ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डॉल्फिन’ केलंत तर केडीईचा फाईल मॅनेजर येतो, बरोबर त्याचं अख्खं वऱ्हाड घेऊन. एम्युलेटरचं पॅकेज आहे डॉल्फिन डॅश ईएमयू. एंटर दाबण्याआधी ‘एपीटी शो’ आणि पॅकेजचं नाव टाकून वर्णन वाचायची सवय लावून घ्या.

सगळं नीट बसलं का हे तपासायला गेम कुठून आणायचा? तो पण रिपॉझिटरीतच आहे. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा अ‍ॅडव्हेंचर गेम २००३ मध्ये फुकट वाटायला मोकळा केला गेला आणि डेबियन-उबंटूत त्याचं पॅकेज आहे, चारही शब्द डॅशने जोडून लिहायचे. ते टाकलं की स्कमव्हीएम आपोआप मागोमाग येतं आणि मेनूत गेमचा आयकॉन दिसतो, क्लिक केलं की सुरू. (स्कमव्हीएम काटेकोर अर्थाने एम्युलेटर नाही, ते मशीनची नक्कल करत नाही तर गेमचं इंजिनच नव्याने लिहिलेलं आहे, पण आपल्याला खेळण्याशी मतलब.)

सगळ्यात जास्त गोंधळ रेट्रोआर्कचा. हे बरेच एम्युलेटर एकाच मेनूतून चालवणारं नुसतं घर आहे, प्रत्येक कन्सोलचा कोअर, म्हणजे खरी नक्कल करणारा भाग, वेगळा आणावा लागतो. लोक मेनूत कोअर डाउनलोडर शोधत बसतात आणि तो दिसतच नाही, कारण डेबियन-उबंटूच्या पॅकेजमध्ये तो मुद्दाम लपवलेला आहे, कोअरसुद्धा एपीटीमधूनच घ्यावेत म्हणून. मग तसंच करा, ‘एपीटी सर्च लिब्रेट्रो’ टाका, लिब्रेट्रो डॅश नेस्टोपिया, लिब्रेट्रो डॅश गॅम्बाट अशी नावं येतील, त्यातला हवा तो इन्स्टॉल करून रेट्रोआर्क बंद करून परत उघडा, लोड कोअरमध्ये तो दिसायला लागतो.

तरी रिपॉझिटरीत एक खोट आहे, डेबियन स्टेबल किंवा उबंटू एलटीएससारख्या बरीच वर्षं टिकणाऱ्या आवृत्त्यांमध्ये पॅकेजचं व्हर्जन गोठवलेलं असतं. एमजीबीएला फरक पडत नाही पण डॉल्फिनसारखा सतत बदलणारा एम्युलेटर जुना असेल तर त्रास होतो. ‘एपीटी पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव टाकलं की कँडिडेटच्या ओळीत कळतं कुठलं व्हर्जन मिळणार. फारच जुनं वाटलं तर फ्लॅटहबवरून फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) घ्या, फ्लॅटहब हीसुद्धा एक रिपॉझिटरीच. मिंटमध्ये ती तयारच असते, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधलं की झालं, उबंटूत आधी फ्लॅटपॅक टाकून फ्लॅटहब जोडावं लागतं. फ्लॅटपॅकवाल्या एम्युलेटरला गेम्सचं फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका, त्याला तुमची दुसरी ड्राइव्ह बघायची परवानगी नसते एवढंच, फ्लॅटसील नावाच्या अ‍ॅपमधून ती द्या. अनोळखी पीपीए (कोणीही उबंटूसाठी उघडलेली खाजगी रिपॉझिटरी) मात्र शक्यतो जोडू नका, त्यातलं पॅकेज तुमच्या सिस्टिमवर रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अ‍ॅडमिनच्या, अधिकाराने बसतं.

रिपॉझिटरी एम्युलेटर देते, कमर्शियल गेम आणि बायोस देत नाही, ते तुमच्या स्वतःच्या कार्ट्रिज, सीडी आणि कन्सोलमधून काढायचे. प्लेस्टेशनचे बरेचसे एम्युलेटर बायोस मागतात. ते जमत नसेल तर होमब्रू गेम्स भरपूर आहेत, लोकांनी हौसेने जुन्या कन्सोलसाठी बनवलेले.

नकोसा झाला तर ‘सुडो एपीटी रिमूव्ह’ आणि मागे राहिलेल्या कचऱ्यासाठी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’. पर्ज केलं, म्हणजे पॅकेज सिस्टिममधल्या सेटिंग्जसकट काढलं, तरी होम फोल्डरमधल्या सेटिंग्ज आणि सेव्ह तशाच राहतात. एमजीबीए तर सेव्ह फाईल रॉमच्या शेजारीच ठेवतो, त्यामुळे रॉमचं फोल्डर साफ करताना सॅव्ह एक्स्टेन्शनवाल्या फाईली उडवू नका.