कमांड लाइनवरून डेटाबेसमध्ये अनेक ओळींचा मजकूर टाकताय? या चुका टाळा

एका ओळीचा मजकूर असला की इन्सर्ट मारून मोकळं होता येतं, पण लांबलचक नोट किंवा ईमेलचं टेम्प्लेट ओळींसकट जसंच्या तसं टाकायचं म्हटलं की गडबड सुरू होते. आणि बरेचदा डेटाबेसचा काही दोषच नसतो, मजकूर तिथे पोचायच्या आधी शेलने (म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, उदा. बॅश) त्यात हात घातलेला असतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते प्रॉम्प्टवर, म्हणजे जिथे आपण टाइप करतो त्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणेवर. एंटर मारला, काही झालं नाही, परत मारला, तरी काही नाही, मग वैतागून विंडोच बंद करतात. आधी प्रॉम्प्ट नीट बघा ना! मायएसक्यूएल असो नाहीतर पीएसक्यूएल (पोस्टग्रेस डेटाबेसचं कमांड लाइनचं टूल), प्रॉम्प्टच्या शेवटी -> दिसतंय म्हणजे सेमीकोलन राहिलाय. '> दिसतंय म्हणजे सिंगल कोट उघडाच आहे, आणि तो बंद होईपर्यंत तुम्ही सेमीकोलन टाका नाहीतर एक्झिट लिहा, ते सगळं मजकुरातच जाणार. बहुतेक वेळा मजकुरातच कुठेतरी एखादा अपॉस्ट्रॉफी असतो, तोच कोट समजला जातो. तो दोनदा लिहायचा, '' असा. सोडून द्यायचं असेल तर पीएसक्यूएलमध्ये कंट्रोल-सी, मायएसक्यूएलमध्ये आधी कोट बंद करून मग बॅकस्लॅश-सी.

नवीन ओळीसाठी बॅकस्लॅश-एन लिहायची सवय असते, पण ती सगळीकडे चालत नाही. मायएसक्यूएल डीफॉल्टला त्याची नवीन ओळ करतं. पोस्टग्रेसमध्ये 9.1 व्हर्जनपासून साध्या कोटात ती दोन अक्षरं तशीच सेव्ह होतात, नवीन ओळ हवी तर कोटाच्या आधी कॅपिटल ई लावावा लागतो. एसक्यूलाइटला बॅकस्लॅश कळतच नाही. त्यामुळे सरळ कोटाच्या आत खरा एंटर मारा, तो तिन्हीकडे चालतो.

आता शेलचं. अख्खी क्वेरी डबल कोटात घालून कमांडला देणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण एरर येत नाही आणि डेटा गुपचूप बदलतो. मजकुरात $500 असेल तर बॅश $5 हे व्हेरिएबल समजतो, ते रिकामं असतं, आणि टेबलमध्ये नुसतं 00 जातं. बॅकटिकमधला (` या उलट्या कोटातला) मजकूर तर कमांड म्हणून चक्क रन होतो. पोस्टग्रेसचं $$ वालं कोटिंग एरवी फार सोयीचं, आत कितीही अपॉस्ट्रॉफी असू देत, पण शेलच्या डबल कोटात त्याच $$ चा प्रोसेस आयडी (चालू शेलचा नंबर) होतो आणि मग सिंटॅक्स एरर का येतोय ते कळता कळत नाही.

उपाय म्हणजे हिअरडॉक, म्हणजे << नंतर एक खुणेचा शब्द द्यायचा आणि तोच शब्द परत येईपर्यंतच्या सगळ्या ओळी कमांडला जातात, पण सुरुवातीच्या खुणेच्या शब्दाला सिंगल कोट लावूनच. कोट नसेल तर शेल आतलं $ आणि बॅकटिक परत वाचतो. शेवटची खूण ओळीत एकटीच हवी, मागेपुढे एक स्पेससुद्धा नको. मजकूर मोठा असेल तर सरळ .एसक्यूएल फाइल बनवा आणि ती < ने द्या, मी तर दहा ओळींच्या वर गेलं की हेच करतो. पीएसक्यूएलमध्ये थेट पेस्ट करणार असाल तर टॅबपासून जपा, टॅब आला की ऑटोकम्प्लीट मध्ये घुसतं. मायनस-एन लावून सुरू केलं की तो त्रास जातो.

टाकून झाल्यावर सिलेक्ट मारला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी + दिसला तर घाबरू नका, पीएसक्यूएल फक्त दाखवतंय की इथे ओळ संपली, डेटात तो नसतो. मायएसक्यूएलच्या बॅच मोडमध्ये (क्वेरी प्रॉम्प्टवर न लिहिता फाइलमधून वगैरे दिली की) बॅकस्लॅश-एन दिसतं तेही तसंच, मायनस-आर लावून बघा, खऱ्या ओळी दिसतील. पण पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-आर दिसलं तर मात्र ते खरंच डेटात आहे, फाइल विंडोजवर बनलेली असणार. ती आधी डॉस-टू-युनिक्स या टूलमधून काढा आणि मग परत टाका, आत गेलेलं असेल तर रिप्लेस फंक्शनने सीएचआर(13), म्हणजे तेच बॅकस्लॅश-आर, काढून टाका.