जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली जमवताय? या चुका टाळा

विंचेस्टर ही लिव्हर-अ‍ॅक्शन (ट्रिगरखालचा लिव्हर ओढून पुढचं काडतूस चढवायच्या) रायफली बनवणारी अमेरिकन कंपनी. तिच्या १८७३ मॉडेलच्या नळीवर 'किंग्ज इम्प्रूव्हमेंट' आणि त्यापुढे दोन पेटंट तारखा असतात: २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६०. नवा संग्राहक तेवढंच वाचतो आणि आपल्या हाती त्याआधीची १८६० ची हेन्री रायफल, नाहीतर पितळी सांगाड्याची १८६६ ची 'यलो बॉय' लागली म्हणून हरखून जातो. त्या तारखांवरून बंदूक कधी बनली हे कळत नाही. मॉडेलचं सालही तितकंच फसवं. १८७३ हे मॉडेल विसाव्या शतकातही बनत होतं, १८९२ ची कार्बाइन (आखूड रायफल) १९४१ पर्यंत बनली, आणि मॉडेल १८९४ ची दहा लाखावी रायफल तर १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. 'मॉडेल १८९४ आहे, म्हणजे अँटिकच की!' असं विक्रेता म्हणाला, की आधी सिरियल नंबर मागा. भावाचं बोलणं नंतर.

अमेरिकेत हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, कायद्याचा आहे. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक. एका वर्षाने चुकलात तर तिला साध्या बंदुकीचे सगळे केंद्रीय नियम लागू होतात. राज्यांचे नियम वेगळे, तेही पाहावे लागतात. त्यातून विंचेस्टरच्या नंबरांवरून साल काढायचे दोन तक्ते चलनात आहेत: एक जुन्या पुस्तकांतला आणि दुसरा कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदींवरचा. काही मॉडेल्सबाबत ते एकमेकांशी जुळत नाहीत. नंबर हद्दीवरचा असेल तर सोयीचा तक्ता निवडून मोकळं होऊ नका. वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून मूळ नोंदीचं पत्र मागवा.

आखूड नळीच्या 'ट्रॅपर' कार्बाइन घेताना आणखी जपा. १६ इंचांपेक्षा कमी नळीच्या रायफलीला १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट लागतो, आणि त्यातली अँटिकची व्याख्या वेगळी आहे. तिथे काडतूस आज बाजारात मिळतं का, हेही पाहिलं जातं. म्हणजे १८९० साली बनलेली, १४ इंची नळीची, .४४-४० काडतुसाची कार्बाइन केवळ जुनी आहे म्हणून सुटत नाही. काही विशिष्ट बंदुका सरकारने या कायद्यातून वगळल्या आहेत. आपली त्या वगळलेल्यांत आहे का, याची लेखी खात्री पैसे देण्याआधी करायची. दुर्मीळ ट्रॅपरच्या नावाखाली कापलेल्या नळ्याही पुष्कळ फिरतात, ते वेगळंच.

पत्रावर डोळे मिटून विश्वास

कोडीचं पत्र हातात आलं की बरेच जण बंदुकीकडे बघणंच सोडून देतात. माझ्या मते या छंदातली सगळ्यात महागडी चूक हीच. पत्र असतं ते नंबरचं. त्या नंबरची रायफल गोदामात आली तेव्हा तिचं कॅलिबर (काडतुसाचं माप) काय होतं, नळी गोल होती की अष्टकोनी, ती कधी रवाना झाली, एवढंच त्यात असतं. आज तुमच्या हातात जे लोखंड आहे त्याची हमी त्यात नसते. बनवाबनवी करणारे हे पक्कं ओळखून असतात. चांगल्या नोंदीचा नंबर असलेली साधी बंदूक शोधायची आणि नोंदीप्रमाणे तिला सजवायची, हा जुना धंदा आहे. 'वन ऑफ वन थाउजंड' या नावाच्या, कारखान्याने निवडून काढलेल्या खास १८७३ रायफली मोजून १३० च्या आसपास बनल्या. कारखान्याने त्यांची किंमत १०० डॉलर ठेवली होती. अशी एखादी सहज समोर आली तर आधी शंकाच घ्या.

म्हणून पत्र बाजूला ठेवा आणि भिंग घ्या. नळीवर लंबवर्तुळात 'डब्ल्यूपी' असा छाप दिसतो का? विंचेस्टरने हा परीक्षणाचा छाप १९०५ मध्ये सुरू केला. १८८५ साली बनलेल्या रायफलीवर तो असेल तर नळी नंतर बदललेली असण्याची दाट शक्यता, नाहीतर बंदूक दुरुस्तीला कारखान्यात परत गेली असणार. १८७३ मॉडेलमध्ये काडतूस वर उचलणाऱ्या पितळी ठोकळ्याच्या खालच्या बाजूला कॅलिबर कोरलेलं असतं. ते नळीशी जुळलं पाहिजे. सुरुवातीच्या .४४ वर मात्र काहीच कोरलेलं नसतं, कारण तेव्हा दुसरं कॅलिबरच नव्हतं. तेव्हा कोरा ठोकळा पाहून लगेच नाक मुरडू नका. हेन्रीत बंदुकीचाच सिरियल नंबर लाकडी दस्त्याच्या खाचेत आणि बटप्लेटच्या (दस्त्याच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) आतही सापडायला हवा. विक्रेता बटप्लेट काढू देत नसेल, तर त्याच्याकडे कारण असतं.

हेन्री आणि यलो बॉयच्या इटालियन नकला इतक्या सफाईदार आहेत की तिथले प्रूफ (परीक्षणाचे) छाप घासून, पितळ काळवंडवून त्या जुन्या म्हणून खपवल्या जातात. छाप असायचे तिथे पृष्ठभाग किंचित खोलगट लागतो का, बोट फिरवून पाहा.

चकाकी आणण्याचा मोह

दीडशे वर्षांचा तपकिरी पदर घालवून नवं ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा थर) केलं, की किंमत निम्म्याने किंवा त्याहूनही खाली येते. पितळी रिसिव्हर (यंत्रणेचा सांगाडा) ब्रासो पॉलिशने लखलखवणारेही याच जातीचे. आधीच कोणी हात मारला आहे का, हे ओळखणं अवघड नसतं. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही निळा रंग आहे, अक्षरांच्या कडा विरल्या आहेत, स्क्रूभोवतीच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खचल्या आहेत: अशी बंदूक पॉलिश होऊन आलेली आहे. मूळ ब्लूइंग झिजतं ते जिथे हात लागतो तिथे, म्हणजे रिसिव्हरच्या पुढच्या भागावर आणि धारांवर. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कोणीतरी मुद्दाम केलेली.

लिव्हर अडकतो, मग काय?

प्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, नळकांडी मॅगझिनसकट (नळीखालची काडतुसं भरायची नळी). लिव्हर जड चालत असेल तर बहुतेक वेळा जुनं तेल आत डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. जोर लावू नका. १८७३ ची बाजूची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटणारे लोक रिसिव्हरवर कायमचा ओरखडा ठेवून जातात. पट्टीचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हळूच ठोका. पलीकडची पट्टी आपोआप उचलली जाते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसणारं, समांतर घासलेलं हवं. साधं पाचरीसारखं टोक खाच खातं, आणि चुरगळलेले स्क्रू कोणताही जाणकार पहिल्या नजरेत हेरतो. १८८६ किंवा १८९४ मात्र निव्वळ कुतूहलापोटी उघडू नका.

चालवून बघायचीच असेल तर .४४-४० चा एक सापळा लक्षात ठेवा. हेच काडतूस १८७३ आणि १८९२ दोन्हींत बसतं, पण १८७३ ची टॉगल-लिंक (सांध्याने जोडलेल्या दुव्यांची) यंत्रणा कमजोर आहे. १८९२ च्या ताकदीची काडतुसं तिच्यात घालणं म्हणजे बंदूक आणि हात दोन्ही पणाला लावणं. नळकांडी मॅगझिनमध्ये टोकदार गोळी कधीच नको. एकीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बार पेटवणाऱ्या टिकलीवर) टेकतं.

ठेवताना चामड्याची किंवा फोमची पेटी टाळा, दोन्ही ओल धरतात. लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो. तेल लावलंच तर नळीचं तोंड खाली करून ठेवा, नाहीतर ते वर्षानुवर्षं ओघळत दस्त्याच्या मानेत मुरतं आणि लाकूड काळं, भुसभुशीत होतं.