गोव्यात बसून भाषांतराची कामं कशी मिळवायची

पहिलं सांगतो, निव्वळ "इंग्रजी-मराठी भाषांतर करतो" एवढ्यावर आता भागत नाही. एजन्स्या पहिला ड्राफ्ट मशीनकडून काढून घेतात आणि आपल्याकडे येतं ते पोस्ट-एडिटिंग, म्हणजे मशीनचा मजकूर सुधारायचं काम, रेट अर्थातच कमी, म्हणून हो म्हणायच्या आधी सॅम्पल मागवा, कारण कधीकधी मशीनचा मजकूर इतका भयाण असतो की नव्याने लिहिलेलं परवडतं.

टूलला घाबरू नका. ओमेगाटी हे भाषांतराचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर हात बसवा, मग ट्रान्सलेशन मेमरी म्हणजे आधी भाषांतरित केलेल्या वाक्यांचा साठा कसा चालतो ते कळतं आणि आधीच्या कामाशी जुळणाऱ्या वाक्यांना एजन्सी पैसे कमी का देते तेही.

आता आपल्याकडची खरी गंमत. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरासाठी जागा आहे, आणि १९६१ पर्यंतचे जुने कागद पोर्तुगीजमधले! जमिनीचे, जन्माचे, लग्नाचे. मराठीसोबत कोंकणी असेल तर प्रोफाइलवर ठळक लिहा, पोर्तुगीज येत असेल तर पणजी-मडगावच्या वकिलांना जाऊन भेटाच, कारण तिथे चूक झाली तर केस अडकते, त्यामुळे माणूस लागतोच. कोंकणी २०२२ मध्ये गूगल ट्रान्सलेटवर आली खरी, पण म्हापशाच्या बाजारातली बोली त्याला विचारून बघा एकदा.

रेट शब्दावर ठरवा, एडिटिंगला तासावर. आणि नवीन क्लायंट असेल तर थोडा अॅडव्हान्स मागायला लाजू नका हां.