डाएट एकदा मोडलं म्हणून सोडून देताय? वजन कमी करताना या चुका टाळा

वजन कमी करायला निघालेल्या बहुतेकांचं घोडं पोळी-भातापाशी अडत नाही. ते अडतं पहिल्यांदा नियम मोडला त्या दिवशी.

आठ-दहा दिवस सगळं शिस्तीत चाललेलं असतं. मग ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस येतो, एक समोसा आणि केकचा तुकडा पोटात जातो. इथपर्यंत फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडवतो तो नंतरचा विचार: "आज मोडलंच आहे, तर रात्री बिर्याणी मागवू. सोमवारपासून परत सुरू." मानसशास्त्रातले संशोधक पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. उलट त्यांनी ते जास्त खाल्लं.

आपल्याकडे ही सवय आणखी पक्की आहे, कारण आपण डाएट एकादशीसारखं धरतो. एकादशीला चुकून पोळीचा घास खाल्ला की उपास मोडला, विषय संपला. वजनाचं तसं नसतं. दुपारी समोसा झाला असेल तरी रात्रीचं जेवण अजून तुमच्याच हातात आहे. नेहमीचं ताट घ्या: वरण, भाजी, कोशिंबीर, पोळी. भरपाई म्हणून उपाशी झोपू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भुकेपोटी हात फरसाणाच्या डब्याकडेच जातो. आणि सोमवारची वाट तर अजिबात पाहू नका.

दुसरी चूक वजनकाट्याची. लग्नाचं जेवण झालं, सकाळी काट्यावर दीड किलो जास्त दिसलं, की हातपाय गळतात. जरा हिशेब करा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे दीड किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका पंगतीत ते होत नाही. वाढलेलं असतं ते मुख्यतः मिठामुळे आणि जास्तीच्या भात-गोडामुळे शरीरात धरून ठेवलेलं पाणी, शिवाय पोटातलं अन्न. पाळीच्या आधीही अनेकींचं वजन असंच वर सरकतं. रोज वजन करायचंच असेल तर आठवड्याची सरासरी काढा आणि महिन्यातून एकदा टेपनं कंबर मोजा. रोजच्या आकड्यावर मूड टांगून ठेवला तर कुणाचीही उमेद खचेल.

उत्साह आला की चालायला जाऊ, असंही करू नका. उत्साह बेभरवशाचा असतो. त्यापेक्षा आधीच ठरवून ठेवा: पाऊस असेल तर पार्किंगमध्येच वीस मिनिटं चालायचं, घरी यायला उशीर झाला तर जेवणानंतर दहा मिनिटं. आणि २१ दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं त्यात फारसा फरक पडला नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

घरच्या आग्रहाशी वाद घालत बसू नका. "आई, एकच वाढा, लागली तर मी मागून घेईन," एवढं पुरतं. वजनावरून टोमणे मारणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगा की याने मदत होत नाही.

इतकं करूनही कित्येक आठवडे काटा हलत नसेल, तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी फोडणीतलं तेल आणि चहातली साखर मोजून पाहा. वजन उतरलं की शरीराची गरजही कमी होते, त्यामुळे आधीचं प्रमाण पुढे पुरत नाही. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक विकार), स्टेरॉइडसारखी औषधं यांचाही परिणाम होतो, म्हणून डॉक्टरांना दाखवा. आणि चोरून, थांबताच येत नाही असं खाणं वारंवार होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यावर उपचार आहेत.