मातीच्या अर्कमूर्ती: भट्टीला दोष देण्याआधी या चुका टाळा

भट्टीचं दार उघडलं की माझी पहिली नजर नाकांकडे जाते. अर्कमूर्ती, म्हणजे अर्कचित्रासारखी घडवलेली माणसाची मूर्ती, म्हटली की नाक लांब, कान पसरट, डोकं धडाच्या दुप्पट आणि मान काडीसारखी. जे वाढवलं की माणूस चटकन ओळखू येतो, नेमकं तेच मातीला झेपत नाही. आमच्या घरात बहीण चेहरे घडवते, वडील साचे काढतात, रंगकाम आई करते आणि भट्टी माझ्याकडे आहे. फुटलेल्या मूर्ती आम्ही टाकून देत नाही. तारीख घालून एका खोक्यात ठेवतो. तो खोका उपसला की दिसतं, भट्टीत बिघडलेल्या मूर्ती त्यात फार थोड्या आहेत. बाकीच्यांची चूक मूर्ती भट्टीत जाण्याच्या कितीतरी दिवस आधी झालेली आहे.

डोकं भरीव ठेवणं

नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक ही. मूर्ती फुटली की लोक म्हणतात, "आत हवा राहिली होती." हवेचा दोष थोडाच, खरा दोष ओलीचा. जाड गोळ्याच्या पोटात राहिलेल्या पाण्याची १०० अंशांवर वाफ होते आणि पाण्यापेक्षा तिला सुमारे १६०० पट जागा लागते. वाट मिळाली नाही की ती मूर्ती फोडूनच बाहेर येते. वरून हाताला कोरडं लागणारं डोकं आतून आठवडाभरही दमट राहू शकतं.

त्यामुळे माती जरा आवळली, चामड्यासारखी घट्ट झाली, की डोकं तारेने कापून दोन भाग करा आणि आतून कोरून काढा. भिंत सगळीकडे सारखी, साधारण ६ ते ८ मिलिमीटर ठेवा. कडा खरवडून, त्याच मातीचा दाट घोळ लावून दोन्ही भाग परत जोडा. आणि धडाच्या तळाशी एक भोक हवंच. डोक्याची पोकळी मानेतून त्या भोकापर्यंत मोकळी आहे ना, हे बारीक तार घालून तपासा. जोडताना मानेत घोळ जास्त झाला तर वाट तिथेच बुजते, आणि बाहेरून ते कळत नाही.

सुकवण्याची घाई

इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या खोक्यातले निम्मे तुकडे सुकवणीचे आहेत.

माती सुकताना आटते. भाजून झाल्यावर एकूण आटणं बहुतेक मातींत ८ ते १३ टक्क्यांच्या आसपास जातं आणि त्यातला मोठा वाटा सुकतानाचाच असतो. साध्या वाडग्याची भिंत सगळीकडे सारखी सुकते. अर्कमूर्तीत मात्र कानाची पाळी दोन तासांत पांढरी पडते आणि डोकं अजून ओलंच असतं. कान आटून थांबलेला, डोकं अजून आटतंय. या ओढाताणीत जोड सुटतो.

एकदा व्हायोलिनवादकांची पूर्ण खेप आम्ही खिडकीजवळच्या फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या मानेला एकाच बाजूला, खिडकीच्या बाजूला, केसाइतकी बारीक रेघ. बहिणीने घोळ भरून ती बुजवली, वरून दिसेनाशी झाली. पहिल्या भाजणीनंतर त्याच जागी रेघ उघडली, आता नखाएवढी रुंद. सुकलेल्या मातीतली भेग ओल्या घोळाने सांधत नाही. घोळ नंतर स्वतः आटतो आणि भेग परत तोंड उघडते. तेव्हापासून हाडासारख्या कोरड्या मूर्तीवर भेग दिसली की ती मूर्ती पाण्यात भिजवून माती परत वापरायची, असा घरात नियम आहे.

आता आम्ही नाकाचं टोक, कान, बोटं, चष्म्याची दांडी यांवर प्लॅस्टिकचे छोटे तुकडे गुंडाळतो आणि जाड भाग उघडे ठेवतो. पूर्ण मूर्तीवर सैल पिशवी, दिवसातून एकदा आतली ओल पुसून परत पालथी. फळीऐवजी जाळीवर ठेवलं तर तळही सुकतो. वारा, पंखा, ऊन, तिन्हींपासून लांब. हाताच्या तळव्याएवढ्या मूर्तीला यात आठवडा जातो, आणि तो द्यावाच लागतो.

जोडाचं म्हणाल तर एकच गोष्ट पाळा: दोन्ही तुकडे सारख्या ओलीचे हवेत. सकाळी केलेलं धड आणि संध्याकाळी केलेला ताजा हात जोडायचा असेल, तर दोन्ही रात्रभर एकाच बंद डब्यात ठेवा. नाक वरून चिकटवण्यापेक्षा चेहऱ्याच्याच मातीतून ओढून काढता आलं तर फारच उत्तम. ते कधी सुटत नाही.

भट्टीत

सुरुवातीला ८० ते ९० अंशांवर काही तास, जाड मूर्ती असतील तर रात्रभर, भट्टी रोखून धरा. झाकणाच्या फटीशी थंड आरसा धरल्यावर त्यावर दव धरत असेल तर अजून पाणी निघतंय. पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघतं, तेव्हाही चढण सावकाश हवी. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे कण, एकदम आकार बदलतो, चढताना फुगतो आणि उतरताना आकसतो. भट्टी लवकर उघडायच्या मोहाने मूर्ती तडकते ती बहुधा या उतारावर. दार उघडताना आतलं तापमान १०० च्या खाली आलेलं असू द्या.

पहिली भाजणी आम्ही १००० अंशांच्या आसपास करतो. मीटरवरचा आकडा एका जागेचा असतो, म्हणून वरच्या आणि खालच्या फळीवर भाजणीचे शंकू ठेवा. मातीला किती उष्णता किती वेळ मिळाली, ते शंकूच्या वाकण्यावरून कळतं. १२०० च्या पुढे जाणाऱ्या मातीत मूर्तीचा पसरलेला हात किंवा पुढे झुकलेलं डोकं मऊ होऊन वाकतं. त्याला टेकू द्यायचा तर त्याच मातीचा, तितकाच सुकलेला द्या. म्हणजे तो मूर्तीबरोबरच आटतो.

चेहरा झिलईखाली बुडवणं

डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या बहिणीने सुईने काढलेल्या असतात. त्यावर झिलईचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, जाड थर आला की त्या भरून जातात आणि चेहरा गुळगुळीत, कोणाचाही होतो. अर्कमूर्तीला झिलईखालचे रंग वापरा आणि वरून पारदर्शक झिलईचा अगदी पातळ हात द्या. झिलई ठिपक्याठिपक्यांनी मागे सरून माती उघडी पडली असेल तर बहुधा धूळ किंवा बोटांचं तेल आहे. पहिल्या भाजणीनंतर मूर्ती ओल्या स्पंजने पुसा आणि मग उघड्या हाताने चेहऱ्याला शिवू नका. जाळीसारख्या बारीक भेगा आल्या तर माती आणि झिलई यांचं आकुंचन जुळत नाही. तिथे भाजणीत बदल करत बसण्यापेक्षा झिलई बदला. ॲक्रिलिकने रंगवायचं असेल तर झिलई देऊच नका, चकचकीत पृष्ठभागावर तो रंग धरत नाही, सुटून येतो.

साच्याचे भाग जुळतात तिथे मूर्तीवर उठणारी शिवण कोरडी झाल्यावर घासकागदाने घासणं बंद करा. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. शिवण ओलसर असतानाच काढा आणि त्या जागी माती लाकडी पट्टीने दाबा, नाहीतर भाजल्यावर ती पुसट उमटते.

भाजलेल्या मूर्तीवरून साचा

मूळ नमुना हरवला म्हणून विकायच्या मूर्तीवरूनच साचा काढायचा, ही चूक आम्हीही केली आहे. १० टक्के आटणाऱ्या मातीत २० सेंटीमीटरची ओली मूर्ती भाजून १८ ची होते. त्या १८ वरून ओतलेली पुढची मूर्ती १६.२ वर येते, शिवाय सुरकुत्या बोथट. संग्राहक दोन मूर्ती शेजारी ठेवतात आणि त्यांना हे लगेच दिसतं. म्हणून मूळ साचा रोजच्या कामाला कधी वापरू नका. त्यावरून कामाचे साचे काढा, आणि बोथट झाले की बदला. प्लास्टरचे ओले साचे भट्टीवर सुकत टाकू नका. ५० अंशांच्या पुढे ते कमजोर पडायला लागतं.

सगळंच वाढवणं

नाक मोठं, हनुवटी मोठी, कान मोठे, भुवया जाड: असं केलं की कोणीच ओळखू येत नाही. एक गोष्ट वाढवा, तिच्या शेजारची कमी करा. आणि फोटो समोर ठेवून फक्त समोरून घडवू नका. फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिए यांनी १८३२ च्या सुमारास संसद सदस्यांची डोकी कच्च्या मातीत घडवून रंगवली आणि त्यांवरून चित्रं काढली. त्यांतली ३६ आजही पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. ती कोणत्याही बाजूने पाहिली तरी माणूस तोच राहतो. फिरत्या पाटावर मूर्ती दर दहा मिनिटांनी पाव वळसा फिरवायची सवय लावली तर हे हळूहळू जमतं. डोकं जड असेल तर पाय रुंद ठेवा किंवा कोट, खुर्ची, पेटी यांतून तळाला आधार द्या. ओली असतानाच सपाट फळीवर बोटाने हलकेच ढकलून पाहा.

क्रमांक आणि वही

मर्यादित संख्येची मूर्ती म्हणून विकली आणि नंतर मागणी आली म्हणून पुन्हा ओतली, तर आधीच्या प्रत्येक ग्राहकाची फसवणूक होते. आम्ही तळाला शिक्का, क्रमांक आणि रंगवणाऱ्याचं चिन्ह ओल्या मातीतच कोरतो. रंगकाम एकापेक्षा जास्त हातांत गेलं की डोळे बदलतात, म्हणून पहिली पूर्ण झालेली मूर्ती कधी विकायची नाही, ती रंगवण्याच्या टेबलावर समोर राहते. कोणती माती, कोणती झिलई, किती तास, कोणत्या फळीवर काय बिघडलं, हे सगळं एका वहीत. वडिलांना हे डोक्यात ठेवायची सवय होती. ते आजारी पडले त्या महिन्यात साच्यात ओतायचा घोळ पातळ राहावा म्हणून त्यात सोडियम सिलिकेट किती घालायचं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही, आणि दोन पिंप घोळ घट्ट होऊन वाया गेला. आता ठरलेल्या संख्येतली शेवटची मूर्ती भाजून निघाली की वडील त्या मूर्तीचे सगळे साचे स्वतः हातोडीने फोडतात आणि वहीत तारखेपुढे सही करतात.