ऋषीची भाजी: पातेल्यात आधी काय, मग काय

ऋषीच्या भाजीत मसाला नाही, फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही. त्यामुळे झाकायला काहीच नसतं. ही भाजी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: सगळं एकदम पातेल्यात लोटलं जातं. मग भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण मात्र घशाला खवखवतो. क्रम सांभाळला तर मीठ-मिरचीवरही ही भाजी बोटं चाटायला लावते.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. म्हणजे ऋषिपंचमीला दुपारच्या आरतीआधी भाजी तयार हवी, संध्याकाळी विसर्जन. परळच्या आमच्या घरात दोन शेगड्या, त्यातली एक चहातच अडकलेली. म्हणून भाज्या आदल्या रात्री धुऊन, निथळून पंचावर पसरून ठेवते. चिरायचं मात्र सकाळीच.

खरेदी दादर पश्चिमेला, स्टेशनबाहेर. वसई-पालघरकडच्या बायका ऋषीच्या भाजीचे वाटे लावून बसलेल्या असतात. वाटा सोयीचा असतो, पण त्यात सुरण आधीच कापून सुकलेला आणि कणसं जून निघतात. मी पालेभाजी वाट्यातली घेते, सुरण मोठ्या गड्ड्यातून समोर कापून घेते. कणसाच्या दाण्याला नख लावून बघा, दूध आलं तरच घ्या. अळू भाजीचं हवं, फिकट हिरव्या पातळ पानांचं. काळपट देठांचं जाड पान वडीला ठेवा.

आठ-दहा जणांना पाव किलो सुरण, पाव किलो लाल भोपळा, अळूची एक जुडी, लाल माठ देठांसकट, दोन कणसं, वाटीभर ओले शेंगदाणे, दोन शिराळी, एक कोवळं पडवळ, मूठभर चवळीच्या शेंगा, आठ-दहा भेंड्या. शिवाय पाच-सहा हिरव्या मिरच्या, लिंबाएवढी चिंच, वाटीभर ओलं खोबरं. शिराळ्याचा तुकडा चिरताना जिभेला लावून बघा. कडू निघालं तर ते अख्खं फेका, एक कडू शिराळं पातेलंभर भाजी घालवतं.

बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा या दिवसाचा नियम. परसातलं, आपोआप उगवलेलं चालतं. परळात परस कुठलं? आमच्या खिडकीतल्या डब्यातली मिरची तेवढी नियमात बसते. ट्रॅक्टरने नांगरलेलं चालेल का, असं मुलाने विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "ट्रॅक्टरलाच विचार, दमला का म्हणून."

आता क्रम. सुरण आणि अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, खाज त्यांचीच. हाताला तेल लावून सुरण सोला, मोठ्या फोडी करा, चिंचेच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि ते पाणी ओतून द्या. तोवर कणसाचे दोन-दोन इंचांचे तुकडे आणि शेंगदाणे कुकरला दोन शिट्ट्या काढा. कुकरचं काम इथे संपलं.

जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप, मोडलेल्या मिरच्या, त्यावर सुरण आणि माठाचे सोललेले देठ. कणसाचं उकळलेलं पाणी घाला, त्यात गोडवा उतरलेला असतो. झाकण ठेवून दहा मिनिटं. मग चिरलेलं अळू, त्याचे सोललेले देठ, माठाचा पाला, चवळीच्या शेंगा. सुरणात सुरी अलगद शिरली की मगच चिंचेचा कोळ. आंबट आधी घातलं तर फोडी कितीही शिजवा, दडदडीतच राहतात. आणि आंबट अजिबात नसेल तर अळू घशाला लागतं. कोळ घातल्यावर पाच-सात मिनिटं रटरटू द्या.

त्यानंतर भोपळा सालीसकट, पडवळ, शिराळं. भेंडी सर्वांत शेवटी: आंबट रसात पडल्यामुळे तिची तार सुटत नाही. कणीस, दाणे, मीठ घाला. भोपळ्याच्या कडा अजून धारदार दिसत असतानाच खोबरं घालून गॅस बंद करा, उरलेलं तो वाफेवर शिजतो. गूळ काही घरी घालतात. मी घालत नाही, भोपळा आणि मका असताना गूळ म्हणजे आगाऊपणा.

सोबत वरीचे तांदूळ. वाटीभर वरी धुऊन तीन वाट्या उकळत्या पाण्यात, मीठ, मंद आच, झाकण. पानात वाढल्यावर भाजीवर तूप सोडा.

शिराळ्याच्या साली फेकू नका. दुसऱ्या दिवशी तव्यावर कुरकुरीत परतून तीळ, लसूण, मिरचीबरोबर कुटा. भाजी उरलीच तर कणसाचे दाणे सोडवून घ्या, भाजी हाताने कुस्करा आणि मावेल तेवढी थालीपिठाची भाजणी घालून मळा. पाणी लागत नाही. मीठही चाखूनच घाला, भाजीतलं असतंच. ही थालीपिठं जरा जाडच थापा, मधल्या भोकात तूप सोडून झाकणाखाली भाजा. पातळ थापली तर भोपळ्यामुळे उलटताना मोडतात.